कासव देणे आहे
रंगीत माशांच्या दुकानापाशी तो शेवाळी वास आला, की मला आमचं कासव आठवतं. नवघरच्या वन-बीएचकेत ते नाण्याएवढं आलं आणि सहा वर्षांत ताटाएवढं झालं. त्याच्या टबमुळे बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा आई म्हणाली, "आता एक तर ते राहील, नाहीतर मी." मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि तो फॉरवर्ड होत आसपासच्या भागातही पोचला. पहिले आले ते इंद्रलोकचे एक गुजराती काका. आईनं चहा दिला आणि विचारलं, "आपके घर में ऊन आता है क्या?" काका गोंधळून म्हणाले, "बेन, ये स्वेटर पहनता है?" त्यांना नकार मिळाला. एका जोडप्याला कासव वास्तूसाठी हवं होतं, त्यांना तर आईनं चहाही विचारला नाही. शेवटी तारोडीहून एक कोळी मावशी आल्या. म्हणाल्या, "अंगनात टाकी हाय, ऊन हाय, आधीची दोन कासवं हायेत. काय कमी न्हाय." आईला नावं ठेवायला काहीच सापडेना. ती टबापाशी बसून राहिली आणि मग म्हणाली, "न्या त्याला. पण रविवारी आम्ही बघायला येऊ." पुढे कितीतरी रविवार ती गेलीही. माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र ती मुलीच्या घरी एकदाच गेली होती, हे बायको मला अजून ऐकवते.