इंजिनावर नारळाचं पाणी

मंडळी, आज खंडेनवमी. पत्नी गेल्यानंतरची पहिली. सणाच्या दिवशी एकट्यानं जेवायचं जिवावर आलं, म्हणून निपाणीला आक्काकडे निघालो.

ऐंशीच्या दशकात वडिलांनी घेतलेली गाडी धुतली, बॉनेट उघडून पूजा केली, नारळ फोडला. वाटेतल्या काकती गावापर्यंत गाडी गचके देत कशीबशी आली. आता निपाणी गाठत नाही, असंच वाटलं.

तिथल्या ओळखीच्या मिस्त्रींनी इंजिनात ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आत बोट फिरवलं.

"अण्णा, आत वल हाय, म्हणून मिसिंग मारतंय. आन् चिकट बी लागतंय. नारळाचं पाणी वतलासा व्हय?"

"तीर्थ म्हणून थोडं घातलं."

"थोडं? इंजिनाला अभिषेक केलासा की!" ते हसले. "वैनी दरसाली करायच्या, तवा कधी असं झालं न्हाय."

ती पाणी कसं शिंपडायची, मला आठवेना. इतकी वर्षं ती पूजा करायची आणि मी शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभा असायचो.

टोपी पुसून, उन्हात वाळवून बसवल्यावर गाडी सुरळीत झाली. निपाणीला पोचलो, तर आक्का माझ्यासाठी जेवायची थांबली होती.

तुमच्या घरी पूजा कोण करतं? उद्या दसऱ्याला त्यांच्याकडे एकदा नीट बघून घ्याल ना?