ताटावर आडवा हात

भोरमध्ये बसून मी एका परदेशी पाहुणीला जिलब्या वाढून वाढून मारलं. तीनदा. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच हो, लगेच पोलिसात जाऊ नका!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एसटी स्टँडजवळच्या खोलीत पुण्याच्या एका संस्थेनं मुलांना व्हिडिओ गेम बनवायला शिकवणारा वर्ग काढला होता. शिकवायला सारोळ्याचे सर. मी शाळेतली चित्रकलेची बाई. वय चाळीस, अक्कल त्याच्या निम्मी. गेममधली चित्रं काढायला मला बोलावलेलं.

सरांची एक खोड होती. गेम जरा चालायला लागला, की स्वतःची खुर्ची मागं सरकवायचे आणि रस्त्यावरून कुणालाही आणून तिथं बसवायचे. "खेळणारं कोन हाय, ते आदी बगा," म्हणायचे. आम्ही गप्प बसून त्या माणसाकडं बघायचं.

वर्षअखेरीला परदेशातल्या एक शिक्षिका येणार होत्या. कुणी न सांगता त्यांना आमचा गेम खेळता आला तर वर्ग पुढं चालणार, नाहीतर बंद.

कल्पना माझी, लग्नाच्या पंगतीची. पोट फुटायच्या आत पानावरून उठायचं. 'नको' म्हटलं की वाढपी जास्तच वाढणार. ताटावर हात आडवा धरला तरच पुढं सरकणार. सरांनी धरून आणलेल्या कंडक्टरनं पटकन हात आडवा धरला. मी फुगले.

"बाई, कंडक्टर भोरचाच हाय," सर म्हणाले. "कडेला हाताचं चित्र काढा."

"जेवायचं कसं, हेसुद्धा शिकवायचं का आता?" मी वर्गातल्या नसीमच्या कानात पुटपुटले.

"बाई, त्यांना न्हाई कळलं तर?" ती पोरगी घाबरून म्हणाली.

मी चित्र काढलंच नाही.

पाहुणीनं 'नको' दाबलं, जिलबी पडली. पुन्हा 'नको', दोन पडल्या. पोट फुटलं. तिसऱ्यांदा फुटल्यावर तिला वाटलं, मशीनच बिघडलंय. सर मागं हात बांधून उभे, कपाळाला घाम.

दुपारी ती माझ्याकडं जेवायला आली. पुरणपोळीला तिनं 'नको' म्हणून मान हलवली, मी वाढली. पुन्हा हलवली, मी पुन्हा वाढली. तिसरी पोळी दिसताच ती दोन्ही हात पसरून ताटावर जवळजवळ आडवीच झाली! मग थांबली, माझ्याकडं बघितलं आणि हसत सुटली. तशीच वर्गावर गेली आणि एका दमात जिंकली. पोरं नाचली.

पण पाहुणी प्रामाणिक. माझ्या घरी जेवल्यावरच जमलं, असं तिनं संस्थेला कळवून टाकलं. वर्ग बंद झाला.

कॉम्प्युटर टेम्पोत चढवले, तेव्हा मी सरांना चहा नेऊन दिला. "माझ्यामुळं झालं, सर," म्हटलं. चहा संपवून ते ड्रायव्हरशेजारी बसले. तेच त्यांचं शेवटचं दर्शन. टेम्पो हलला, तेव्हा खिडकीतून मान काढून म्हणाले, "बाई, गेम लई ग्वाड होता. फक्त प्रत्येक सीडीबरोबर तुमाला आन् पुरणपोळीला पाठवाय लागलं असतं."