समजुतीचा कागद

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळपासून सुरमईच्या तुकड्यांना मसाला लावत होते. मुलाची होणारी बायको आईवडिलांबरोबर रियाधहून जेवायला येणार होती, आणि जेवणानंतर माझा धाकटा दीर तिच्यापुढे एक कागद ठेवणार होता. तिनं सही केली तर निकाहची तारीख ठरणार. नाही केली तर लग्न मोडणार, आणि उरलेली सुरमई आम्हीच संपवणार.

जेद्दात, शराफिया भागात आमची खानावळ आहे. नवरा गल्ल्यावर बसतो, दीर परवाने आणि सरकारी कचेऱ्या बघतो, मी स्वयंपाकघर बघते. बरीच वर्षं ती कफीलच्या, म्हणजे आमची हमी घेणाऱ्या सौदी माणसाच्या, नावावर होती. त्याच्याशी आमचा एका ओळीचाही करार नव्हता. ईदला दीर त्याच्या घरी पातेलंभर बिर्याणी पोचवायचा, तो पाठीवर थाप मारायचा, एवढ्यावर सगळं चाललं. माणूस शब्दाचा पक्का निघाला. कायदा बदलला तेव्हा खुशीनं बाजूला झाला, आणि खानावळ दोघा भावांच्या नावावर आली.

तेव्हापासून दिराला कागदाची चटक लागली. कुठल्याशा हॉटेलात घरच्या धंद्यांवर व्याख्यान होतं. ते ऐकून तो ‘प्रीनप’ हा शब्द घेऊन आला: लग्न मोडलं तर कोणाला काय, हे लग्नाआधीच लिहून ठेवायचं. नवऱ्याला ते आधी औषधाचं नाव वाटलं. अर्थ कळल्यावर तो भडकला.

“निकाहच्या आधी तुटण्याची भाषा? घरात?”

आमच्यात निकाह हा मुळात करारच. साक्षीदार असतात, मेहर ठरते, अटी घालायच्या तर घालता येतात. पण त्याला कोणी करार म्हणत नाही, म्हणून चालतं. शेवटी दोघा भावांनी मधला मार्ग काढला: याला ‘समजुतीचा कागद’ म्हणायचं, आणि त्यात तलाक हा शब्द कुठेही येऊ द्यायचा नाही. दिरानं तो स्वतः मराठीत लिहिला. अरबी नंतर करून घेणार होता. परक्या माणसाच्या शब्दावर अर्धं आयुष्य काढलेल्याला घरात येणाऱ्या मुलीचा शब्द पुरत नव्हता. पण हे मी बोलले नाही. भाऊ दुखावला जाईल असं नवरा काही करत नाही, आणि मला हे लग्न व्हायला हवं होतं. मुलगी रियाधच्या ओलाया भागातल्या एका कंपनीत हिशेब तपासते. पहिल्याच भेटीत तिनं माझ्या कालवणात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं होतं. होतंच कमी.

जुम्म्याच्या नमाजनंतर जेवणं झाली. दिरानं घसा साफ करून कागद पुढे केला. मुलीनं तो खालपर्यंत वाचला.

“काका, ‘काही कारणानं सून घरात नसल्यास’ म्हणजे? मॉलमध्ये गेले असले तरी?”

“अगं, तसं नाही. नसल्यास म्हणजे... कायमची नसल्यास.”

“वारल्यास?”

“तौबा, तौबा!” नवरा म्हणाला. माझा मुलगा टेबलाकडे बघत हसू दाबत होता.

“तिला चेष्टेची सवय आहे,” तिचे वडील म्हणाले. ते बँकेत आहेत. त्यांनी कागद मागितला नाही, आपली मुलगी वाचते आहे हे त्यांना पुरेसं होतं.

“बरं, हे तिसरं,” ती म्हणाली. “‘लग्न होऊन या घरात आलेल्या कुठल्याही बाईचा खानावळीवर हक्क राहणार नाही.’ आंटीपण लग्न होऊनच आल्या ना?”

मी खिरीच्या वाट्या घेऊन आले होते. त्या तशाच हातात राहिल्या.

“भाबींचं वेगळं,” दीर म्हणाला. “भाबी घरच्याच आहेत.”

“मग मी कुठली होणार?”

“हे बघ, एक शब्द राहिला. ‘यापुढे लग्न होऊन आलेल्या’ असं करू. झालं? भाबी सुटल्या.”

तो पेनाचं टोपण काढायला लागला. मी वाट्या ठेवल्या.

“थांब. ‘यापुढे’ लिहिलंस तर यापुढच्यांना हक्क नाही. म्हणजे आधी आलेलीला आहे.”

“आहेच की, भाबी!”

“किती?”

त्यानं भावाकडे पाहिलं. भावानं खिरीकडे.

“भाबी, तुम्हाला काय कमी आहे? कागदावर कशाला पाहिजे?”

“ते तू तिला सांग. कागद तू आणलास.”

‘यापुढे’ घातलं नाही तर मी बाहेर, आणि घातलं तर माझा वाटा लिहावा लागणार. शब्द चिमूटभर, आणि दिराला तो टाकताही येईना, गाळताही येईना. मुलगी तेवढ्यात शांतपणे म्हणाली, “आंटी सही करतील त्या कागदावर मी करीन. दुसऱ्यावर नाही.”

तिच्या आईनं खिरीत केशर कुठलं म्हणून विचारलं, आणि तारीख न ठरताच पाहुणे उठले. मुलगा त्यांना विमानतळावर सोडायला गेला.

भांडी आवरताना नवरा दाराशी येऊन उभा राहिला.

“करून टाक ना सही. जसा आहे तशा कागदावर. पोराचं लग्न अडलंय. साधा कागद तर आहे.”

“साधा आहे तर तुझ्या भावाला सांग, फाडून टाक.”

“तो नाही ऐकायचा.”

“मग साधा नाही.”

त्यानं पातेलं पुसून ठेवलं. एरवी त्याला ते कुठे ठेवतात हेही माहीत नसतं.

सकाळी मी टेबलावरच राहिलेला कागद घेऊन, टॅक्सी करून अरबी भाषांतर करून देणाऱ्या टायपिंग ऑफिसात गेले. तिथल्या माणसाला मराठी येत नव्हतं. मी कागद समोर धरून एकेक ओळ हिंदीत सांगत गेले. तिसऱ्या कलमाशी तो थांबला.

“आगे से आनेवाली औरत?”

“हां, आगे से. और उसके नीचे लिखो, जो पहले आई है, उसका तीसरा हिस्सा.”

त्यानं वर पाहिलं नाही, टाईप केलं. छापून आल्यावर मी पहिली सही केली, फोटो काढून मुलीला पाठवला. मग दिराला फोन लावला.

“कागद तयार आहे,” म्हटलं. “तुमच्या दोघांच्या सह्या राहिल्यात. तुम्ही केल्यात की ती करील.”

“भाबी, पण...”

“तिसरं कलम नीट वाच,” म्हटलं, आणि खानावळीत जाऊन भाताला आधण ठेवलं.