दोन घरांची घाण

“तोंड उघड. वास घेऊ दे.”

मॅडम म्हणाल्या. भर हॉलमध्ये. नांदेडहून आलेल्या त्यांच्या जाऊबाई सोफ्यावर, शेजारी दोन पाहुण्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत वकीलसाहेब मोबाइल चाळत बसलेले. माझ्या हातात फरशीचं ओलं फडकं. कपाटातली साहेबांची बाटली निम्म्यावर आली होती, आणि रविवारी दुपारी पाहुण्या सोडल्या तर त्या घरात परकं माणूस म्हणजे मी एकटी.

मी म्हटलं, “मॅडम, मी कशाला हात लावू?”

“नवऱ्यासाठी नेली असशील. नाही तर स्वतःच. तुमच्यात बायकाही घेतात म्हणे.”

एक पाहुणी हसली. मी तोंड उघडलं. का उघडलं ते मला अजून सांगता येत नाही. मॅडम वाकल्या आणि त्यांनी माझ्या तोंडापाशी नाक आणलं. इतकी वर्षं त्या घरात माझा चहाचा कप वेगळा, मागच्या खिडकीत पालथा घातलेला. पगारसुद्धा ओट्याच्या कडेला ठेवायच्या, मी उचलायचा. आणि त्या दिवशी त्यांचा श्वास माझ्या जिभेवर. त्यांना कांद्याचा वास आला असणार. सकाळी भाकरीबरोबर खाल्ला होता.

हिंगोलीत धुण्याभांड्याची बरीच घरं केली, पण या मॅडमचा मी जितका हेवा केला तितका कुणाचाच नाही. साड्यांचा नाही, फ्रीजचा नाही. मला हेवा होता तो त्यांच्या नवऱ्याच्या दारूचा.

माझा नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. सोयाबीनचं पोतं असं उचलायचा की बघत राहावं. संध्याकाळी देशी मारून यायचा आणि तोच हात माझ्यावर उचलायचा. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शिलाला, दारूपासून लांब राहीन म्हणायची वेळ आली की त्याचा आवाज सगळ्यांच्या वर! वकीलसाहेबही रोज प्यायचे. कधी घरी, कधी मित्रांना घेऊन कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर. पण साहेब ‘घ्यायचे’. माझा नवरा ‘ढोसायचा’. साहेबांना दुसऱ्या दिवशी ‘ॲसिडिटी’ व्हायची, लिंबूपाणी मिळायचं. माझ्या नवऱ्याची उतरायच्या आधी अख्ख्या गल्लीला खबर असायची.

आणि साहेब ओकायचे तेव्हा मॅडम मला हाक मारायच्या. स्वतः बेडरूमच्या दारात नाकाला रुमाल लावून उभ्या. लोणच्याच्या बरणीला माझा हात चालत नव्हता, ओकारीला चालत होता. मी पुसायचे, फिनेल टाकायचे, चादर भिजवायचे. मग घरी जाऊन नवऱ्याची काढायचे. कधी कधी एकाच दिवशी दोन्ही. माझा जळफळाट व्हायचा तो याचा. हिचाही नवरा दारुडा, माझाही दारुडा, मग हिचे हात कोरडे कसे?

एकदा मॅडम केस पुसत होत्या. मानेखाली वळ दिसला. निळा, ताजा. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. म्हणाल्या, “बाथरूममध्ये घसरले.” मला दया आली नाही. मला त्या वळाचासुद्धा हेवा वाटला. त्यांनी पदर ओढला की संपलं. माझा सुजलेला गाल मी कुठं लपवणार? नळावर पाणी भरताना बायका आधी माझं तोंड बघायच्या, मग माझी घागर.

तर त्या रविवारी मॅडम सरळ झाल्या. जाऊबाईंकडं बघून म्हणाल्या, “वास तर येत नाही. पण यांचं काही सांगता येत नाही हो.”

कोपऱ्यात साहेब वेलची चघळत होते. वेलची चघळणारा पुरुष मी पन्नास पावलांवरून ओळखते. माझं अर्धं आयुष्य एका माणसाच्या तोंडाचा अंदाज घेण्यात गेलंय.

मी म्हणाले, “माह्या तोंडाचा वास घेतला ना मॅडम? आता साहेबाच्या तोंडाचा घ्या.”

कुणी हसलं नाही. साहेबांचं बोट मोबाइलवर थांबलं, मान काही वर आली नाही. मी मॅडमकडं बघत होते. त्यांना धक्का बसला नव्हता. त्यांना नुसती भीती वाटली होती, जावेसमोर आता काय होईल याची. तेव्हा मला कळलं. बाटली कुणी संपवली हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. माझं तोंड त्यांनी नवऱ्याची अब्रू झाकायला वापरलं. ओकारीवर मी फडकं टाकायचे, तसं.

फडकं तिथंच टाकलं आणि निघाले. मॅडम फाटकापर्यंत मागं आल्या. आवाज एकदम हळू.

“फार तोंड आहे तुला. तू नको येऊस आता. सुट्ट्या लागल्यात ना? मुलीला पाठवत जा. ती गरीब आहे, तुझ्यासारखी नाही. शिकेल हळूहळू.”

माझी पोरगी आठवीतून नववीत गेलेली.

“न्हाई,” मी म्हणाले. तेवढंच म्हणाले. रस्ताभर आणखी शंभर उत्तरं सुचत होती आणि मी स्वतःवरच चिडत होते.

घरी आले. नवरा उंबऱ्यात आडवा. रविवारी मोंढा बंद, म्हणून दुपारपासूनच सुरू केलेली. शर्टावर, पायरीवर, सगळीकडं घाण. आणि त्या घाणीपाशी माझी पोरगी उकिडवी बसलेली. नाकाला ओढणी बांधलेली. चुलीतली राख तिनं आधीच पसरली होती. राख ओल पिईस्तोवर ती थांबली, मग पुठ्ठ्यानं कडेकडेनं ओढायला लागली, हाताला काही लागू न देता. बराबर माझ्यासारखं. मी तिला हे कधीच शिकवलं नव्हतं.

माझ्याकडं न बघता म्हणाली, “मम्मी, तू बस. थकून आली असशील. मी करून राहिले ना.”

मॅडमना मी फाटकात मोठ्या तोऱ्यात नाही म्हणून आले होते. आणि इथं माझ्याच घरात पोरीचं शिक्षण पुरं होत आलं होतं. आज बापाचं, उद्या साहेबाचं, परवा नवऱ्याचं. तिच्या चेहऱ्यावर किळस नव्हती, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

पुठ्ठा तिच्या हातातून हिसकला. नवऱ्याला खांद्याला धरून हलवलं.

“उठा. आपली घाण आपण काढा.”

“काहून डोकं खाऊन राहिली? पोरगी करते ना.”

“पोरगी करणार न्हाई.”

शेजारच्या काकू धावत आल्या. “अगं बाई, टाक बादलीभर पाणी. लोकं पाहून राहिले.”

“पाहू द्या काकू.”

नवरा उठून बसला आणि त्यानं हात उगारला. मी मागं सरले नाही. काकूही जागच्या हलल्या नाहीत, त्यांच्या मागं आणखी चार बाया येऊन उभ्या राहिल्या. हात खाली आला. मग रडायला लागला. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून आन घेतो म्हणाला. पोरगी पुढं व्हायला लागली, सवयीनं. मी तिला मागं ओढलं.

“तिच्या डोक्याला हात लावू नका. पाणी तिकडं हाय.”

त्यानं धुतलं नाही. त्यातच बसून राहिला, मग पुन्हा आडवा झाला. माश्या आल्या. मीही धुतलं नाही. मी आणि पोरगी तशाच त्याला ओलांडून घरात गेलो, भाकरी केली, खाल्ली. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात जायच्या आधी त्यानं स्वतः पायरी घासली. वाकडीतिकडी घासली. मी बघत उभी होते.

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. त्याची दारू सुटली का? नाही. दोनदा सोडली, दोनदा धरली. पिऊन आला की घरात घेत नाही, मोंढ्याच्या शेडमध्ये झोपतो. मी आता एका मेसमध्ये पोळ्या लाटते. हेवाही गेलेला नाही. एखादी बाई नवऱ्याच्या मागं गाडीवर बसून हसत बाजाराला निघालेली दिसली की अजून जळते. जळते तर जळते.

मागच्या महिन्यात सासू कळमनुरीहून आली. लेकाच्या पायाला सूज, डोळे पिवळे. बघून रडली. मग पोरीकडं वळली. पोरगी अकरावीचं पुस्तक घेऊन बसली होती.

“माय, कसाबी असला तरी बाप हाय. अंथरुणाला खिळला तर तुलाच करा लागंल त्याचं.”

पोरीनं पुस्तकातून डोकं वर काढलं. तिचा चेहरा पुन्हा तसाच होऊ लागला, शांत, कामाला उठणारा.

मी तिच्या आणि सासूच्या मधे जाऊन बसले.

“दवाखान्यात मी नेईन, आत्याबाई. झेपंल तितकं मी करीन, न्हाई झेपलं तर तिथंच ठेवून येईन. पण हिचं नाव काढायचं न्हाई. तुमी न्हाई, तुमच्या लेकानं न्हाई. कुनीच न्हाई.”