तीन दिवसांचं पाणी

लक्ष्मी तांडेलला खारवणे गावात स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. बसली तर विळीवर, नाहीतर ओहोटीच्या वेळी नदीत उभी. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि आवाज असा की पलीकडच्या तीरावरची म्हैस चरायची थांबते. चाळीस वर्षं ती नदीतून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढते आहे. लोक हाताचं काम समजतात. खरं काम पायांचं. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, अंगठ्याने चिखल चाचपायचा, शिंपला लागला की पायाच्या बोटांत धरून वर उचलायचा आणि टोपलीत टाकायचा. मान वर, तोंड चालू. काम करताना भांडता येतं म्हणूनच तिने हा धंदा धरला, असं तिची मैत्रीण सुरैय्या सांगते.

एकदा कॉलेजातली एक मुलगी मोजपट्टी आणि वही घेऊन आली होती. "मावशी, एका चौरस मीटरमध्ये साधारण किती सापडतात?"

"मीटर माका म्हायत नाय गो. एका पावलाक चार."

मुलीने ते तसंच लिहून घेतलं. शहाणी होती. पुढे, दोन वर्षांपूर्वी, हेच माप दहा पावलांना एक झालं. निघायचे ते बहुतेक उघडे, रिकामे शिंपले. चिखल काळा पडला, त्याला कुजकट वास येऊ लागला. लक्ष्मीच्या पोटऱ्यांपर्यंत खाजेचे चट्टे उठले. मालवणच्या बाजारातल्या बायका वाटा उचलून नाकाशी न्यायच्या आणि परत ठेवायच्या. मग एक दिवस लक्ष्मीने विकणंच थांबवलं. "जी वस्तू मी माझ्या झिलाक वाडूचंय नाय, ती दुसऱ्याच्या झिलाक कशाक?"

नदी कुणी नासवली, याबद्दल गावात मतभेद नव्हता. गावाच्या हद्दीपलीकडे, वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काजूचा कारखाना आहे. त्याचा धूर दिसतो आणि मालक परगावचा. दोषी ठरायला आणखी काय लागतं? माजी सरपंच भाई मयेकरांनी अर्ज लिहिला, वाडीवाडी हिंडून दोनशेवर सह्या घेतल्या. जिल्ह्याहून साहेब पाहणीला यायचे ठरले. साक्षीदार म्हणून लक्ष्मीची नेमणूक झाली.

"तू काय बोला नको," भाईंनी बजावलं. "नुसते पाय दाखव."

"चाळीस वर्सां बोलतंय ता फुकट, आणि आता पाय दाखवू?" लक्ष्मी म्हणाली. पण मनातून ती खूश होती. कुणीतरी एकदाचं त्या कारखान्याला धरणार होतं आणि तिची नदी तिला परत मिळणार होती.

साहेब यायच्या आधी गावपळण आली.

खारवण्याची ही जुनी चाल. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं बिऱ्हाड घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातो. मागे चूल पेटत नाही, नळ उघडत नाही, दिवा लागत नाही. गाव देवाच्या ताब्यात. शिकलेली माणसं याला अंधश्रद्धा म्हणतात आणि माळावर सावलीची जागा सगळ्यांत आधी अडवतात. मुसलमानांचा मोहल्लाही निघतो. गावपळण गावाची, त्यात कुणाचा देव कोणता हे कुणी विचारत नाही.

नदीच्या पलीकडच्या माळावर, म्हणजे शेजारच्या गावाच्या हद्दीत, माडाच्या चुडतांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. लक्ष्मीच्या झोपडीला लागून सुरैय्याची. दोघी चौथीपर्यंत एका बाकावर होत्या आणि त्यानंतर त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. सुरैय्याचा नवरा इद्रीस आपल्या मसाल्याच्या दुकानाच्या किल्ल्या कनवटीला लावून पत्ते खेळत बसला. लक्ष्मीचा मुलगा सिद्धेश मात्र तोंड पाडून होता. त्याचं राहत्या घरी पर्यटकांसाठी चार खोल्यांचं न्याहारी निवास आहे, डिसेंबरचे दिवस, आणि त्याला तीन दिवस पाहुण्यांना नाही म्हणावं लागलं होतं.

पहिल्या दिवशी ओहोटी लागताच लक्ष्मी नदीत उतरली.

"गो, ता गावचा पाणी!" सुरैय्या काठावरून ओरडली. "पळण मोडतलंस."

"अर्धी नदी त्येंची. मी त्येंच्या अर्ध्यात उभी आसंय."

पाणी नेहमीसारखंच होतं, फेस आणि वर तेलकट साय. वर सड्यावर कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. भाईंनी तो दहा जणांना दाखवला. "बघा. आमी गाव सोडलो, पण तो मेलो एक दिस थांबूक नाय!"

दुसऱ्या दिवशी फेस कमी होता. लक्ष्मीने वाऱ्याला श्रेय दिलं.

तिसऱ्या दिवशी ती उतरली आणि सवयीने चिखल चाचपू लागली. सहज खाली पाहिलं तर तिला आपल्या अंगठ्याचं नख दिसलं. तरुणपणी शिंपल्याने फाटलेलं, वाकडं वाढलेलं नख. दोन वर्षांत पाण्यातून ते तिला दिसलं नव्हतं. पाण्याला वास नव्हता. मधून चार-पाच बारीक मासे तिच्या घोट्याला हुंगून गेले.

लक्ष्मीने वर सड्याकडे पाहिलं. धूर निघत होता. मग समोर गावाकडे पाहिलं. एकाही घरातून धूर नव्हता, कुठे बालदी वाजत नव्हती, गावातल्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडातून नदीत येणारं पाणी स्वच्छ होतं. लक्ष्मी चौथी शिकलेली. पण दोन आणि दोन चार व्हायला चौथी पुरते.

ती वर आली आणि चुलीपाशी गप्प बसली. तासभर कुणाशी भांडली नाही. शेवटी सुरैय्या काळजीत पडली.

"ताप इलो काय गो तुका?"

लक्ष्मीने तिला मनगटाला धरून नदीवर नेलं. "बघ."

"काय बघू? पाणी आसा."

"तळ दिसता."

सुरैय्याने वाकून पाहिलं. मग तीही सड्याकडे पाहू लागली. "कारखानो बंद आसतलो."

"मगे धूर खंयसून येता, तुझ्या चुलीतसून?"

सुरैय्याने मागे वळून कुणी आहे का पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "लक्ष्मी, गप रव. सगळ्यांनी सह्यो केल्यानी. सायेब येतलो. आणि तुझ्या घरचो तो पायप…" एवढं बोलून तिने जीभ चावली.

तो पाईप. सिद्धेशने खोल्या बांधल्या तेव्हा गवंड्याने सांगितलं होतं की संडासाच्या टाकीनंतर शोषखड्डा हवा, आणि जागा एकच, घरापुढचं खळं. लक्ष्मी आडवी आली. ज्या खळ्यात कोकमाची सोलं सुकवायची, शिमग्यात देवाची पालखी नाचवायची, तिथे घाणीचा खड्डा? "पायप व्हाळात सोड," तिनेच सांगितलं. "व्हावत्या पाण्याक इटाळ नाय." तिची सासू हेच म्हणायची, सासूची सासूही हेच म्हणत असेल. फरक इतकाच की सासूच्या वेळी घरात माणसं सात होती, संडास माडांच्या मागे होता, आणि व्हाळात जाणारं पाणी तांदूळ धुतल्याचं होतं. आता नदीकाठी बावीस घरांत खोल्या भाड्याने जातात. आणि जे व्हाळ वाहून नेतो ते भरती परत घेऊन येते, नेमकं तिसऱ्यांच्या अंगावर. नदीत आयुष्य काढलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं. पण आपल्या घरातून गेलेली घाण कुणाला दिसते?

चौथ्या दिवशी कौल झाला आणि गाव घरी परतला. लक्ष्मीला वाटत होतं, आपलं चुकलेलं असू दे. पण सगळ्या गावाने तीन दिवसांचे कपडे काढले, अंगणं धुतली, भांडी घासली. संध्याकाळी व्हाळ ताकासारखा पांढरा होऊन नदीत शिरला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला नख दिसेनासं झालं होतं.

दुपारी जेवताना तिने सिद्धेशला सांगून टाकलं. "सायबाक मी खरा सांगतलंय."

त्याला समजायला वेळ लागला नाही. त्यानेही पाणी पाहिलं होतं. "आई, नाताळच्यो सगळ्यो खोल्यो भरलेल्यो आसत. तू पायपाचा नाव घेतलंस तर माका टाळो लागतलो."

"म्हायत आसा माका."

"मगे?"

"तिसऱ्यांका टाळो लागलो दोन वर्सां झाली. तो कोणी बघलो?"

सिद्धेश ताटावरून उठला. लक्ष्मीने ताट झाकून ठेवलं. ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

मंगळवारी धक्क्यावर गाव जमला. साहेब आले, पाण्याच्या नमुन्यासाठी बाटल्या आल्या, कारखान्याचा मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून आला. भाई ठेवणीतल्या मराठीत म्हणाले, "साहेब, ह्या आमच्या प्रमुख साक्षीदार. चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

लक्ष्मीने पातळ पोटरीपर्यंत वर घेतलं. तिनेही साहेबांसाठीची मराठी काढली. "साहेब, हे माझे पाय. ही खाज नदीची आहे. आणि नदीत जी घाण आहे ती…" इथे तिची साहेबी मराठी संपली. "ती आमची आसा."

कुणाला ऐकल्याची खात्री वाटेना. तेवढ्यात तिने सगळं सांगितलं. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसऱ्या दिवशीचं नख, परतल्यावरचा पांढरा व्हाळ. "पयलो पायप माझो. चार खोल्यो, चार संडास, सगळा व्हाळात. माझ्या झिलाचो दोष नाय, खड्ड्याक नाय म्हणणारी मी. दुसऱ्याचा नाव मी घेवचंय नाय. ज्येचा त्येका म्हायत आसा."

मग गलका झाला. भाईंची ठेवणीतली मराठी कुठल्या कुठे गेली. "खुळावलंस काय गो? आपल्याच गावार उलटलंस?"

"भाई, तीन दिस कारखानो चालू होतो आणि गाव बंद होतो. पाणी कोणी साफ केल्यान?"

"देवान!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बरा. म्हणजे देव तीन दिस आमची घाण काढता आणि आमी तीन वर्सां भरतो. जरा लाज होयी."

यावर मॅनेजर हसला. लक्ष्मी गर्रकन वळली. "तू हसा नको रे! तुझीय बाटली भरूची आसा. तुझा काय निघाला तर तुका सोडूक नाय."

साहेबांना अशा जबाबाची सवय नसावी. त्यांनी पेनाचं टोपण दोनदा लावलं आणि काढलं. "आजी, हे लेखी द्याल?"

"लिवा. सही येता माका."

परतताना तिच्या बरोबरीने कुणी चाललं नाही. तांडेलवाडीतल्या बायकांनी दारं लोटून घेतली. पाठीमागे "घरभेदी" हा शब्द दोनदा ऐकू आला आणि दुसऱ्यांदा तो ओळखीच्या आवाजात होता. रडण्याचा तिचा स्वभाव नाही, पण घरी जाऊन तिने विनाकारण सगळे डबे घासले. खोल्या बंद ठेवण्याचा कागद आठवडाभरात आला. सिद्धेशने एकेका पाहुण्याला स्वतः फोन करून नाही म्हटलं, प्रत्येकाची माफी मागितली आणि आईशी एक शब्द बोलला नाही. कारखान्याच्या बाटलीचा अहवाल अजून यायचाच आहे; यायला हवा, आणि लक्ष्मी त्यासाठी दर सोमवारी ग्रामपंचायतीत जाऊन उभी राहते.

खळ्याच्या मधोमध तिने चुन्याने गोल आखला आणि समर्थ नावाच्या गवंड्याला बोलावलं. गावात हे काम नीट जाणणारा तो एकटाच. तो मापं घेत असताना कुंपणापाशी सुरैय्या येऊन उभी राहिली.

"माझ्याकडे कधी येतलो ह्यो?"

"तुझ्याकडे कशाक?"

"आमचो पायप काय अत्तराचो आसा?" सुरैय्या म्हणाली. "इद्रीसाक विचारलंय नाय. खड्डो झालो मगे सांगतलंय."

"मगे रव थांबान. पयलो माझो."

"सगळ्यात पयला तुकाच होया. चौथीतसून बघतंय!"

समर्थ बिचारा मोजपट्टी धरून दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी पाच घरांतून त्याला निरोप गेले. कुणी उघड आलं नाही. मागच्या परड्याच्या बाजूने, हळूच. दोनशेच्या वर सह्यांत सात घरं, म्हणजे फार नव्हेत. भाई अजून लक्ष्मीशी बोलत नाहीत.

एवढी मागणी झाल्यावर समर्थ वेळेवर कशाला येतो! खणायला सुरुवात झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दहा वाजले तरी त्याचा पत्ता नाही. लक्ष्मीने वाट पाहिली, चार शिव्या घातल्या, पातळ खोचलं आणि स्वतःच पिकाव घेऊन खड्ड्यात उतरली. जांभा दगड चिवट, घाव घातला की मुठीएवढा तुकडा सुटे. उंची बेताची, त्यामुळे तासाभराने काठावरून फक्त तिचा अंबाडा दिसत होता आणि तोंडाचा पट्टा ऐकू येत होता.

सिद्धेश पडवीत बसून मोबाईल बघत होता. एका बाजूची माती भसकन घसरली तेव्हा तो उठून काठाशी आला. धक्क्यावरच्या त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा तो आईशी बोलला.

"आई, भायर ये. ती बाजू ढासळात."

लक्ष्मीने वर पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला, तर तिथे माती लागली.

"मगे तू उतर," ती म्हणाली.

त्याने मोबाईल पायरीवर ठेवला, हात देऊन तिला वर ओढून घेतलं, आणि उतरला.