कोटात राहिलेलं माणूस

त्या शहरात पाहुण्यांना दाखवण्यासारखं पुष्कळ होतं. जुना दीपस्तंभ होता, जकातघराची दगडी इमारत होती, जहाजांचं संग्रहालय होतं. पण खरी गर्दी व्हायची ती समुद्रातल्या कोटाकडे. ओहोटी लागली की पाण्यातून एक दगडी वाट वर यायची आणि लोक कोटापर्यंत चालत जायचे. भरती आली की ती वाट पुन्हा पाण्याच्या पोटात. समुद्र कोणासाठी थांबत नाही, म्हणून किनाऱ्यावर तिकिटाच्या खिडकीशेजारी एक मोठी घंटा टांगलेली होती. लांब घंटा झाली की सगळ्यांनी मुकाट्याने परत फिरायचं.

ती घंटा वाजवणाऱ्या बाईंना सगळे घंटाकाकू म्हणत. आणि त्यांच्या नवऱ्याला किल्लेदार. ते होते कोटाचे रखवालदार, पण चालायचे असे की कोट त्यांना कोणी आंदण दिला असावा.

किल्लेदारांची कामाची एक रीत होती. लांब घंटा झाली की लोक बाहेर निघायचे आणि किल्लेदार आत शिरायचे. बुरूज, हौद, दारूगोळ्याचं अंधारं कोठार, सगळं पायाखाली घालायचे. कुठे एखादं जोडपं गप्पांत दंग असायचं, कुठे एखादे आजोबा सावलीला घोरत पडलेले असायचे. त्यांना हलवून, समजावून, कधी दटावून बाहेर काढायचं. शेवटच्या माणसाला पुढे घालून, आपण मागून वाट चालून किनाऱ्याला लागायचं. मग घंटेचे दोन ठोके. दोन ठोके म्हणजे कोट रिकामा, दिवस संपला. ते ऐकल्याशिवाय किल्लेदार बूट काढत नसत. आणि एखाद्या दिवशी घाईगर्दीत ते ठोके आधीच पडले, तर तटावर येऊन हात हलवायचे. अजून नाही, अजून नाही. घंटेवर बसणाऱ्याला नंतर चार शब्द ऐकावे लागायचे ते वेगळेच.

“माझ्या कोटात माणूस राहिलं, असं कोणी म्हणून दाखवावं,” असं ते जेवताना कितीदा तरी म्हणायचे. काकू म्हणायच्या, “तुमच्या कोटात नाही राहत, पण तुमच्या घरात एक माणूस रोज वाट बघत राहतं, त्याचं काय?” मग ते हसायचे आणि म्हणायचे, “अगं, ते कुठे जातंय?”

मग त्यांना विसर पडायला लागला.

आधी वस्तूंची नावं गेली, मग रस्ते, मग माणसं. नोकरी सुटली. घंटेवरचा माणूस निवृत्त झाला तेव्हा कार्यालयाने ते काम काकूंना दिलं. किल्लेदारांना घरी एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. एकदा काकू भाजी आणायला गेल्या तेवढ्यात ते अनवाणीच बाहेर पडले होते आणि चौकात लोकांना ओहोटीची वेळ विचारत फिरत होते. तेव्हापासून काकू त्यांना बरोबरच आणायच्या आणि तिकिटाच्या खोलीत स्टुलावर बसवायच्या. ते निमूट बसून समुद्र बघायचे.

तिकीटमास्तर गमत्या माणूस. तो म्हणायचा, “काकू, तुमचं बरं आहे. किल्लेदार सगळं विसरतात. माझी बायको बघा, लग्नात कोण काय बोललं तेसुद्धा विसरत नाही.”

काकू हसायच्या. हसायला काय लागतं? पण अलीकडे किल्लेदार त्यांना ‘अगं’ म्हणेनासे झाले होते. ‘बाई’ म्हणायचे. “बाई, जरा पाणी देता का?” इतक्या अदबीने, की त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं.

त्या दिवशी शाळेची सहल आली होती. तिकिटाच्या खोलीत ही झुंबड. कोणाला सुटे हवेत, कोणाची टोपी उडालेली, कोणाला संडासाची वाट हवी. मास्तरच्या मदतीला काकूही खिडकीत उभ्या राहिल्या. पाणी चढायची वेळ झाली तशा त्या बाहेर आल्या, दोरी धरली आणि लांब घंटा सुरू केली. वाजवता वाजवता मागे वळून बघितलं, तर स्टूल रिकामं.

त्यांनी कोटाकडे पाहिलं. दारातून गर्दी बाहेर येत होती. पोरं, बाया, छत्र्या, टोप्या. आणि त्या सगळ्या लोंढ्यातून एक माणूस उलटा आत शिरत होता. ती खांद्याची ठेवण काकूंनी हजारांतून ओळखली असती.

काकू जिवाच्या आकांताने घंटा वाजवू लागल्या. या, परत या. आणि मग एकदम त्यांचा हात थांबला. घंटा ऐकून सगळं जग बाहेर यायचं, पण तो एक माणूस आत जायचा. वाजवावी तितका आत.

“मास्तर! हे कोटात गेले!”

मास्तरचा विनोद जागच्या जागी विरला. त्याने बंदरावर फोन लावला. होडी निघते आहे, पण कोटाला वळसा घालून यावं लागेल, वेळ लागेल, असं उत्तर आलं. तोवर लोक किनाऱ्याला लागले. सगळ्यांच्या मागून नवा रखवालदार शिट्टी फिरवत आला.

“आत कोणी दिसलं नाही तुला?” काकूंनी त्याचा दंडच धरला.

“एक काका होते ना. मला म्हणाले, ‘तू लोकांना ने, मी आत बघून येतो.’ असे ठणकावून म्हणाले, मला वाटलं कार्यालयातले कोणी साहेब असतील. आले असतील की मागून.”

मागे कोणी नव्हतं. वाटेच्या दोन्ही कडांना पाणी चाटायला लागलं होतं.

काकूंनी शेवटचा उपाय करून पाहिला. दोन ठोके दिले. थोड्या वेळाने तटावर किल्लेदार दिसले. त्यांनी रागाने हात हलवला. अजून नाही, अजून नाही. आणि पुन्हा दिसेनासे झाले. ते कोणाला शोधत होते? कोटात तर चिटपाखरू नव्हतं. सापडायला कोणी नाही, म्हणजे हे शोधणं संपणारच नाही, हे काकूंच्या ध्यानात आलं.

त्यांनी चपला तिथेच टाकल्या.

“काकू, वेड लागलंय का? होडी येतेय!” मास्तर ओरडला. “रखवालदार, अरे धर त्यांना!”

कोण धरतंय. काकू धावत सुटल्या होत्या. वय झालेलं, गुडघे दुखणारे, वाट शेवाळलेली. मध्यावर पाणी घोट्यापर्यंत आलं. नवा रखवालदार चार पावलं आला आणि लाट बघून थबकला. त्याला तरी काय बोल लावायचा, त्याच्याही घरी कोणीतरी असेलच.

कोटाच्या दारातून आत जाऊन काकू ओरडल्या, “अहो!” भिंतींनी ती हाक दहा वेळा परत केली. “अहो, ऐकलंत का? अहो!”

कुठेतरी बुटांचा आवाज आला आणि दूर गेला. काकू त्या आवाजामागे धावल्या, तर तो दुसऱ्याच बाजूने यायला लागला. पुन्हा हाक मारली. बूट थांबलेसुद्धा नाहीत. कोणी बाई आपल्या नवऱ्याला हाका मारते आहे, आपल्याला काय त्याचं, असं त्यांना वाटत असेल. काकूंना रडू फुटलं. सगळ्या आयुष्यात त्यांनी या माणसाला दुसरी हाक मारलीच नव्हती. आता मारायची तर कुठली?

दारूगोळ्याच्या कोठाराशी त्या भिंतीला टेकल्या. बाहेर पाण्याचा आवाज वाढला होता. डोळे पुसले आणि कोणा परक्या, वाट चुकलेल्या पाहुणीसारख्या त्या ओरडल्या, “कोणी आहे का? मी इथे राहिले आहे! कोणी आहे का?”

बूट थांबले.

“हलू नका! आहात तिथेच थांबा, आलो!”

तो आवाज काकूंनी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. खणखणीत, कामावरचा. किल्लेदार अंधारातून आले. चेहऱ्यावर राग होता आणि रागाखाली माणूस सापडल्याचा केवढा तरी दिलासा.

“काय हो बाई, घंटा ऐकू येत नाही? समुद्र काय तुमच्या घरचा आहे? चला, हात द्या. माझ्या पावलावर पाऊल टाका. डावीकडे जाऊ नका, तिकडे खोल आहे.”

वाटेवर पाणी गुडघ्याला लागत होतं, पुढे मांडीला. किल्लेदारांनी त्यांचं मनगट असं धरलं होतं की दुखत होतं. घरी शर्टाची बटणं लावताना चुकणारा तो हात. एका लाटेने काकूंचा पाय सुटला, तशी किल्लेदारांनी दोन्ही हातांनी सावरलं.

“एकट्याच आलात? घरचे कोणी बरोबर नाही?”

“होते,” काकू म्हणाल्या. “चुकामूक झाली.”

“सापडतील हो. घाबरू नका. माझ्या कोटातून आजवर माणूस हरवलेलं नाही.”

काकूंनी दुसऱ्या हाताने त्यांची बाही घट्ट धरली.

किनाऱ्याजवळ मास्तर आणि रखवालदार कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी दोघांना वर ओढलं. किल्लेदार मास्तरला म्हणाले, “या बाईंना गरम चहा द्या. आणि यांच्या घरच्यांना शोधा जरा.” एवढं बोलून ते सरळ मागे वळले आणि पुन्हा पाण्यात उतरले.

“अहो, कुठे?” मास्तरने दंड पकडला, तर त्याला झटकून म्हणाले, “एक फेरी राहिली आहे.”

वाट आता दिसतही नव्हती, होडी अजून कोटाच्या पलीकडेच होती. आणि मग काकूंना उमगलं. शेवटचं माणूस बाहेर आलं होतं, पण त्यानंतरचे दोन ठोके कुठे पडले होते?

“ठोके द्या!” त्या किंचाळल्या. “मास्तर, दोन ठोके! दोनच!”

मास्तर धावला. दोन ठोके पडले.

किल्लेदार पाण्यात थांबले. कोटाकडे एकदा पाहिलं, “झालं,” म्हणाले आणि शहाण्या पोरासारखे परत येऊन पायरीवर बसले.

कार्यालयातून फोन आला तो मास्तरनेच घेतला. ठेवून तो काकूंपाशी आला. म्हणाला, “काकू, ते म्हणतात, उद्यापासून यांना इथे आणायचं नाही.”

“मग कुठे ठेवू?”

“तेच मी विचारलं.”

“काय म्हणाले?”

मास्तरने आतून कोरडा टॉवेल आणून काकूंच्या खांद्यावर टाकला.

काकू पायरीपाशी खाली बसल्या. ओल्या बुटाची नाडी फुगून घट्ट झाली होती. त्या नखांनी गाठ उकलू लागल्या, तसे किल्लेदार संकोचले. पाय मागे घेत म्हणाले, “बाई, राहू द्या हो. तुम्ही कशाला? माझी बायको करेल घरी गेल्यावर. वाट बघत असते ती.”

काकूंच्या हाताखालची गाठ सुटेना.

“बरं,” त्या म्हणाल्या. “ती येईपर्यंत मी करते.”