दादांची लाडकी बटणाची गाडी

दादांची गाडी रोपवाटिकेचं कुंपण मोडून आत शिरली आणि पाचपन्नास कुंड्यांचा फडशा पाडून खताच्या पोत्यांवर टेकली, तेव्हा दादांचा पाय ब्रेकवरच होता. हे माळ्याला पटलं नाही, घरच्यांना तर मुळीच नाही. संध्याकाळपर्यंत दादांनाही स्वतःच्या पायाची शंका यायला लागली.

गाडी जुनी, दोन हात फिरून आलेली. पण तिच्यात क्रूझ कंट्रोल होतं. बटण दाबलं की वेग आपोआप तोच राहतो, पाय मांडी घालायला मोकळे. गाडी घेताना दादा भाळले ते या बटणावरच. ब्रेक दाबल्यावर मात्र या क्रूझनं मुकाट्यानं सुटायला हवं. त्या दिवशी ब्रेक दाबला तशी गाडी मंदावली, आणि पाय उचलला तशी पुन्हा उधळली.

आता प्रश्न कुंड्यांचा नव्हता. परवा सूनबाई हीच गाडी घेऊन, मागच्या सीटवर नातीला बसवून माहेरी निघणार होती. दादांनी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढून नेली ती थेट धाकट्या बहिणीच्या गॅरेजात.

धाकटी गाड्यांच्या वायरिंगचं काम सासऱ्यांच्या हाताखाली शिकली आणि त्यांच्यामागे गॅरेजही तिनंच चालवलं. मुळातच भित्री. पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, जिना उतरताना भिंतीचा आधार सोडायची नाही. गाडीला तर इतकी भ्यायची, की रस्त्यावर नेण्याआधी बंद गाडीत डोळे मिटून तालीम करायची: गिअर न्यूट्रलला, किल्ली एकच घर मागे, हँडब्रेक वर. किल्ली जास्त फिरली तर स्टिअरिंगच अडकून बसतं, म्हणून एकच घर. आजूबाजूचे गॅरेजवाले तिला हसायचे, आणि स्वतःच्या बायकोची गाडी मात्र गुपचूप तिच्याकडे पाठवायचे.

तिनं ब्रेकचा स्विच पाहिला, फ्यूज पाहिले, मागचे दिवे पाहिले. सगळं शहाण्यासारखं वागत होतं. उभ्या गाडीत क्रूझ लागतच नाही, तेव्हा रस्त्यावर नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दादा म्हणाले, मी इथेच थांबतो, घरी निरोप द्यायला कुणीतरी उरायला हवं. धाकटी हसली नाही. तिनं त्यांना शेजारी बसवलं, त्यांचा पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि त्यांचा हात हँडब्रेकवर नेऊन ठेवला. तिचा हात बर्फासारखा गार होता. दादांचं उरलंसुरलं अवसान त्या हातानंच गळालं.

बंद पडलेल्या कारखान्याकडे जाणारा रस्ता रिकामा होता. तिनं वेग घेतला, बटण दाबलं, पाय उचलला. गाडी छान चालली. त्या छान चालण्याचीच दादांना धडकी भरली. मग तिनं ब्रेक दाबला. क्रूझचा हिरवा दिवा विझला. दादांनी हँडब्रेकवरची मूठ सैल केली. तिनं ब्रेकवरचा पाय काढला, आणि दिवा विझलेला असतानाच गाडी पुढे झेपावली.

पुन्हा ब्रेक. पुन्हा. पॅडल दगडासारखं घट्ट झालं. समोर कारखान्याचं गंजलेलं फाटक मोठं मोठं होत चाललं. मागे नातीच्या रिकाम्या छोट्या सीटचा पट्टा खडखड वाजत होता, तेवढंच दादांना ऐकू येत होतं.

"न्यूट्रल," धाकटी स्वतःलाच म्हणाली. इंजिन किंचाळलं. "किल्ली." किंचाळी तुटली. "ओढ, दादा."

फाटक हातभर उरलं तेव्हा गाडी थांबली.

धाकटीचे दात वाजत होते. मग ती उतरली, रस्त्याच्या कडेला बसून ओकली, तोंड पुसलं आणि बॉनेट उघडलं.

क्रूझ ज्या तारेनं अ‍ॅक्सिलरेटर ओढून धरतं, ती तार कुणीतरी शेजारच्या नळीशी प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधली होती. तार ओढली गेली की पट्टीही सरकायची, आणि परत येताना पट्टीची गाठ नळीच्या खाचेत अडकायची. क्रूझ केव्हाच सुटलं होतं, तार सुटली नव्हती.

गाठ इतकी देखणी आणि टोक इतकं नेमकं छाटलेलं, की कुणाची हे विचारायचं कारणच नव्हतं. दादांची सगळी नोकरी टेलिफोनच्या वायरी जुळवण्यात गेलेली. लोंबती वायर दिसली की त्यांचे हात शिवशिवत. घरातल्या चार्जरपासून सूनबाईच्या केस वाळवायच्या यंत्रापर्यंत त्यांनी सगळं बांधून टाकलं होतं. बॉनेटखालची ही तार त्यांना ढिली वाटली, गबाळी वाटली, आणि तिलाही शिस्त लावून ते मोकळे झाले. ती ढिलीच असावी लागते का, असं त्यांनी आता फार हळू आवाजात विचारून पाहिलं.

धाकटीनं पट्टी कापली. पुन्हा आत बसून डोळे मिटले, पुन्हा सगळी तालीम केली, आणि गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर घेतली. या खेपेला ब्रेक दाबताच तार झटकन परतली. दादांना वाटलं, सुटलो. पण गॅरेजात आल्यावर तिनं पाना घेतला आणि क्रूझची तारच मुळापासून काढून बाजूला ठेवली. मागे नात बसणार आहे, एवढंच ती म्हणाली.

गाडी धड झाल्याचा आनंद आणि बटण गेल्याचं दुःख दादांना एकदमच झालं.

"अगं, मग लांबच्या रस्त्याला वेग सांभाळायचा कुणी?"

"तुझ्या पायानं."